रानाचा विद्यार्थी



निवृत्तीनंतर काय करावे, असा प्रश्न आमच्या बँकेत नेहमी निघतो. त्याचे उत्तर मला मारुती चितमपल्ली यांच्या जीवनात सापडते. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने ३६ वर्षे वनखात्यात काढली. १९९० मध्ये नोकरी संपली, अभ्यास संपला नाही. पुढे 'पक्षीकोश' सिद्ध झाला. मातृभाषा तेलुगू, पण मराठीला त्यांनी नवे शब्द दिले. कावळ्यांच्या वसाहतीला ते 'काकागार' म्हणत.

गाण्याचा शौकीन बारीक सूर टिपतो, तसे त्यांनी रान ऐकले. त्यांचे गुरू कोण? आदिवासी, पारधी, धीवर! समाजाने ज्यांना अडाणी ठरवले, त्यांच्यापुढे हा अधिकारी शिष्य होऊन बसला. हा मोठेपणा मला २०२५ साली मिळालेल्या पद्मश्रीहून मोठा वाटतो. त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

त्यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. विद्यार्थी मित्रांनो, त्या आठवड्यात एक तरी पक्षी आवाजावरून ओळखायला शिका. आणि जो शिकवील त्याची जात किंवा पदवी विचारू नका.