ग्रंथांची वंशावळ

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याला वंशावळ आठवते. बापाचे नाव, आज्याचे, पणज्याचे. आम्हा मुसलमानांत तिला शजरा म्हणतात. शजरा म्हणजे झाड. ग्रंथांचेही असे झाड असते, पण त्याच्या सगळ्या फांद्या रक्ताच्या नसतात.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. लेखात त्यांच्या घराण्याच्या पिढ्या ओळीने दिल्या आहेत. वरचा मजकूर संस्कृत, शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत. बाजारातून मठाला काय द्यायचे, हे त्यांत सांगितले आहे. दर घाण्यामागे पळीभर तेलही त्यात आले. विज्ञान, इतिहास, भाषा आणि वंशावळ, चारही एकाच दगडावर! आणि तेल्याला कळायला हवे होते ते मराठीत.

भास्कराचार्यांनी १९५० नव्हे, ११५०मध्ये, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ त्याचाच भाग. चार शतकांनंतर, १५८७मध्ये, अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने ‘लीलावती’ फारसीत नेली. फैजी काही चांगदेवाच्या कुळातला नव्हता. तरी ‘लीलावती’च्या वंशावळीत त्याचे नाव घ्यावेच लागते.

या फैजीचा धाकटा भाऊ अबुल फजल. त्याच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद आहे. तिच्यात आपले यवतमाळ ‘योत-लोहारा’ या नावाने येते. ग्रंथाच्या अखेरीस त्याने स्वतःच्या पूर्वजांचीही हकिकत दिली आहे. ते येमेनहून सिंधमध्ये आले, तिथून नागौरला. म्हणजे आपल्या गावाचे जुने नाव शोधायला निघालो, तर वाटेत येमेनहून आलेले एक घराणे भेटते.

मी मराठीत कविता लिहितो. कधी कुणी विचारतो, ही भाषा तुमच्याकडे कशी आली? मी म्हणतो, जन्मापासून अंगणात होती, आणि पुढे वाचता वाचता पक्की झाली. भाषेचा सातबारा एकाच्या नावावर नसतो.

याच यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी जुन्या पोथ्यांसाठी आयुष्य वेचले. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५चा. महानुभावांच्या कितीतरी पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. वाचणारा भेटला नसता, तर मराठीचे ते धन बासनातच राहिले असते.

म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत मोडी, फारसी, उर्दू असे काही निघाले, तर वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. पोथीचे शेवटचे पान आधी पाहा. नक्कल करणाऱ्याचे नाव, गाव, शक बहुधा तिथेच असतो. पान जाणकाराला दाखवा. तो माणूस तुमच्या कुळातला नसेलही, पण त्याने रात्री जागून अक्षरे उतरवली म्हणून ते पुस्तक तुमच्या हाती आले. वंशावळीत त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवावी.