जुना चार्जर, नवी बॅटरी

भिलाईत उन्हाळ्यात वीज गेली की सगळी भिस्त इन्व्हर्टरवर. फौजेत आमची शिस्त एकच: बॅटरी कायम भरलेली हवी. लेड ॲसिडला ते बरोबर आहे. रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणून भरल्यावरही चार्जर १३.५ व्होल्टच्या आसपास तिला जपत राहतो. लिथियमला त्याची गरज नाही; बरेच दिवस पडून राहणार असेल तर ती अर्धी भरलेलीच बरी. मी मात्र जुन्याच इन्व्हर्टरला लिथियम जोडली! त्याचं इक्वलायझेशन १५ व्होल्टच्या वर गेलं, आतल्या बीएमएसनं, म्हणजे राखणदार सर्किटनं, बॅटरी तोडली. त्यातच वीज गेली. सौभाग्यवती हातपंखा घेऊन माझ्याकडे बघत बसल्या. आता सेटिंग १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन बंद.