हवेने दिलेली साक्ष



साहित्याच्या व्यासपीठावर भूमिगत अणुचाचण्यांचा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. म्हणून सुरुवात एका शब्दानेच करतो. झेनॉन हे एका वायूचे नाव. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘परका’. हा वायू सहसा कशातच मिसळत नाही, मातीला धरून राहत नाही, पावसाने धुऊन जात नाही. जमिनीत खोल अणुस्फोट करून वरचे तोंड कितीही बंद केले, तरी बाकीचा किरणोत्सारी ऐवज खडकात अडकतो आणि हा भेगांमधून बाहेर पडू शकतो.

भूकंपमापक यंत्रे काही मिनिटांत स्फोटाची वर्दी देतात. मात्र तो स्फोट अणूचाच होता, हे खात्रीने सांगायला हवेतला पुरावा लागतो. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने केलेली चाचणी एक किलोटनाहूनही लहान होती. तरी सुमारे दोन आठवड्यांनी, साडेसात हजार किलोमीटरवरच्या कॅनडातील यलोनाइफ केंद्रात झेनॉन-१३३ सापडला. वाऱ्याची वाट उलटी मोजत गेल्यावर माग कोरियाशी जुळला.

२००९ च्या चाचणीनंतर मात्र काहीच हाती लागले नाही. वायू मिळाला नाही म्हणून चाचणी झालीच नाही, असे म्हणता येत नाही, हा धडा तिथला. पुढे १२ फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीनंतर तब्बल ५५ दिवसांनी जपानमधील ताकासाकीला झेनॉनचे दोन प्रकार एकत्र मिळाले. एक सव्वापाच दिवसांत निम्मा होतो, दुसरा सुमारे बारा दिवसांत. त्यामुळे दोघांच्या प्रमाणावरून वायूचे वय काढता येते, आणि ते फेब्रुवारीशी जुळले. एवढा उशीर का? बहुधा बंद बोगदा नंतर उघडला गेला असावा. हे काम वाटते तितके सरळ नाही. रुग्णालयांसाठी किरणोत्सारी औषधे बनवणारे कारखानेही हाच वायू हवेत सोडतात. (१९९६ च्या चाचणीबंदी करारावर भारताची सही नाही, त्यामुळे या जाळ्यातले केंद्र आपल्या देशात नाही.)

हे झाले दुरून माग काढणे. गळती होते त्या जागी काय घडते, तेही पाहू. १८ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात ‘बेनबेरी’ नावाची दहा किलोटनांची चाचणी सुमारे २७५ मीटर खोल घेतली. तिथली चिकणमाती अपेक्षेपेक्षा फार ओली होती. साडेतीन मिनिटांत जमीन फाटली आणि किरणोत्सारी ढग दहा हजार फुटांच्या आसपास चढला. जवळच्या छावणीतले कामगार घाईने हलवावे लागले. ८६ जणांना किरणोत्सार लागला; ठरलेली मर्यादा कोणीही ओलांडली नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांतल्या दोघांना १९७४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मरण आले. त्यांच्या विधवा न्यायालयात गेल्या. खटला वर्षानुवर्षे चालला. सरकारचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला. आजार त्या ढगामुळेच झाला, हे मात्र मानले नाही.