पडलेला भाव आणि आपली वही

(शेलूबाजार येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

'शेअर कधी घ्यावा' हा आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू पिकलं, ते मी ऐकलं. बचत गटाच्या मेळाव्यात हे कशाला? आपण बोलतो ते दारूबद्दल, रेशनबद्दल, सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल. शेअर बाजार म्हणजे मुंबईच्या पैसेवाल्यांचं काम. मलाही तसंच वाटायचं. एम.एस.डब्ल्यू. करताना मी कर्ज, व्याज, सावकारी सगळं शिकले. शेअरशी माझी गाठ पडली ती मात्र इथे, तुमच्यातल्याच एकीच्या ओसरीवर.

तिला विचारून सांगते आहे, नाव सांगत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या भागातून गेला. शेलूबाजारला त्यावर चढाय-उतरायची वाट झाली. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला आला. तिच्या घरीही आला. त्यातले काही पैसे घरातल्या पुरुषांनी शेअरमध्ये घातले आणि खातं उघडलं ते तिच्या नावाने. सही तिची, फोन नवऱ्याचा, ओटीपी पुतण्याकडे. एका कंपनीचा भाव निम्म्यावर आला होता. "सस्ता झाला" म्हणून तो घेतला. तो आणखी पडला, तेव्हा "अजून सस्ता झाला" म्हणून आणखी घेतला. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा पाच रुपयांतला एक रुपया उरला होता. ती मला म्हणाली, "सही माही होती ताई, पण कायची होती थे मले कोनी सांगतलंच नाही."

यात दोन प्रश्न आहेत. निर्णय कोणाचा, हा एक. आणि 'सस्ता' म्हणजे नेमकं काय, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर येत नाही म्हणून पहिला प्रश्न विचारायची आपल्याला हिंमत होत नाही. "तुला त्यातलं काय समजतं?" एवढं म्हटलं की आपण चूप. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेऊ.

भाव म्हणजे काय, हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, आठवतं? तेव्हा आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात विकायला सोयाबीन उरलंच नव्हतं. नवा माल निघेपर्यंत भाव खाली आला. दहा हजार हा खरा भाव होता, पण तो टिकणारा नव्हता. आज कोणी चार हजार म्हटलं तर तुम्ही लगेच मागचा हंगाम आठवता, हमीभाव आठवता. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. म्हणजे आजचा भाव एकटा काही सांगत नाही. तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. शेअरला हमीभाव नसतो. त्याच्या खाली जमीनच नाही, तो शून्यापर्यंत जाऊ शकतो. मग तो ताडायचा कशाशी?

त्यासाठी जुनी, साधी रीत आहे. मागच्या दोनशे दिवसांच्या भावांची सरासरी काढायची. रोज नवा भाव आत घ्यायचा, सर्वांत जुना सोडून द्यायचा. सरासरी अशी पुढे सरकत राहते, म्हणून तिला चल सरासरी म्हणतात. बाजार महिन्यात साधारण वीस-एकवीस दिवस चालतो, म्हणजे दोनशे दिवस हे जवळपास दहा महिने झाले. रोजचा हिशेब आपल्याला जमणार नाही. पण महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा भाव लिहून ठेवला आणि दहा महिन्यांची बेरीज करून दहाने भागलं, तरी काम भागतं. गटाचा हिशेब लिहिणारीला हे सहज येईल.

फळ्यावर करू या. समजा, एका शेअरचे दहा महिनाअखेरचे भाव आहेत ११०, ११४, १०८, ११२, ११८, १२१, ११९, १२५, १२८ आणि १२५. बेरीज १,१८०. सरासरी ११८. आजचा भाव १२५, म्हणजे सरासरीच्या वर. आता पुढच्या महिन्यात भाव एकदम १०० झाला. जुना ११० काढा, नवा १०० घाला. बेरीज १,१७०, सरासरी ११७. बघा, भाव २५ रुपयांनी पडला आणि सरासरी हलली एकाच रुपयाने. एका दिवसाच्या गोंधळाने ती घाबरत नाही. भाव तिच्या वर असेल आणि ती स्वतः चढत असेल, तर घेण्याचा विचार करायचा. भाव तिच्या खाली असेल आणि तीही उतरत असेल, तर कोणी कितीही 'सस्ता' म्हटलं तरी थांबायचं. रीत एवढीच.

ती खरंच उपयोगी पडते का? २०२० सालचं पाहू. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. फेब्रुवारीअखेर तो सुमारे ११,२०० होता आणि दहा महिन्यांची सरासरी ११,६०० च्या वर होती. म्हणजे थांबायची खूण झाली. २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. सरासरीच्या वर तो परत आला जुलैमध्ये, ११,००० च्या आसपास. ही रीत पाळणारीला सर्वांत खालचा भाव मिळाला नाही, हे कबूल करायलाच हवं. ज्यांनी मार्चमध्ये धीर धरून घेतलं त्यांनी जास्त कमावलं. पण मार्चमध्ये, टाळेबंदीत, हाताशी जेमतेम महिन्याचं धान्य असताना ७,६१० हाच तळ आहे हे कोणाला ठाऊक होतं?

दुसरं उदाहरण येस बँकेच्या शेअरचं. ऑगस्ट २०१८ मध्ये तो चारशेच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये कोसळला. पुढच्या दीड वर्षातला बहुतेक काळ तो आपल्या लांब सरासरीच्या खालीच राहिला. मध्ये २०१९ च्या उन्हाळ्याआधी थोडा वर आला आणि पुन्हा पडला. "चारशेचा शेअर दोनशेला मिळतोय," "आता शंभरला," "आता पन्नासला" असं म्हणत लोक घेत राहिले. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध आणले. नंतर शंभरपेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे तीनचतुर्थांश शेअर तीन वर्षं विकताही येणार नाहीत असं झालं. जुना भाव आठवून स्वस्त-महाग ठरवणं किती फसवं असतं, ते यातून दिसतं.

आता या रीतीचे दोष सांगते, नाहीतर मीही एक टीप देणारीच ठरेन. सरासरी मागचं सांगते, पुढचं नाही. भाव वर-खाली घुटमळत असतो तेव्हा ती आज 'घे' म्हणते आणि पुढच्या महिन्यात 'थांब' म्हणते. प्रत्येक खरेदी-विक्रीत दलाली आणि कर जातो. कंपनी काय बनवते, तिच्यावर कर्ज किती, मालक कसे, यातलं तिला काही कळत नाही. मी स्वतः २०२१ मध्ये एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून, भाव सरासरीच्या खूप वर उधळलेला असताना एक शेअर घेतला आणि तोटा खाल्ला. वर असणं आणि उधळणं यात फरक आहे, हे मला पैसे देऊन कळलं.

आणि फ्युचर-ऑप्शनला ही रीत लावायला जाऊ नका. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं. मोबाईलवर रोज 'पक्की कमाई' पाठवणारे हा आकडा पाठवत नाहीत.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. निर्णय कोणाचा?

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला. देशभर तो २००५ मध्ये आला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत याच विदर्भात नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. पण कागदावर नाव चढलं तरी विकायचं की ठेवायचं हे ठरवणारा आवाज बहुतेक घरांत तोच राहिला. शेअरच्या खात्याचंही आज तेच चाललं आहे. नाव बाईचं, बोट दुसऱ्याचं. तोटा झाला की मात्र तो "तिच्या खात्यातला".

म्हणून चार गोष्टी ठरवू या. तुमच्या पॅन कार्डावर शेअरचं खातं आहे का, हे आधी विचारा. असेल तर त्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडा आणि ओटीपी कोणालाही, मुलालाही, सांगू नका. गटाचं कर्ज, औषधपाण्याचे आणि फीचे पैसे बाजारात घालायचे नाहीत. पाच वर्षं लागणार नाहीत असे पैसे असतील तरच पुढचा विचार, नसतील तर शेअर न घेणं हाही शहाणपणाचाच निर्णय. आणि चौथं, वही घाला. महिन्याला एक भाव, दहा महिने. दहा महिने पूर्ण होईपर्यंत काही घ्यायचं नाही. तेवढ्या काळात टीप देणारा बहुधा दुसरीकडे गेलेला असतो.

मघाच्या मैत्रिणीचं सांगून थांबते. मुलीचा प्रवेश गटाच्या कर्जातून झाला. गेलेले पैसे परत आले नाहीत, येतील असं मी म्हणणारही नाही. तिने खात्याला स्वतःचा नंबर जोडला, त्यावरून घरात आठ दिवस अबोला झाला. आता ती मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर भाव लिहिते. मागच्या महिन्यात पुतण्या आला आणि म्हणाला, "काकू, अजून पडला, आता तरी घेऊ." तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "सरासरीच्या खाली हाये, अन् सरासरी बी उतरून राह्यली. नाही घेत मी."

'मी' असं ती म्हणाली. मैत्रिणींनो, ती वही तिने आज इथे आणली आहे. चहाच्या वेळी पाहून घ्या.