शेतकरी अडाणी नव्हे, हिशेबी



कृषी महाविद्यालयात आम्हांला शिकवले, शेतकरी अडाणी, त्याला शहाणे करा. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या पुस्तकात हे उलटवले. पारंपरिक शेतकरी गरीब खरा, पण हाताशी आहे त्यातून निघेल तेवढे तो काढतोच.

त्याआधी १९५४ साली आर्थर लुईस यांनी मांडले होते की गरीब देशांच्या शेतीत माणसे फाजील आहेत, कारखान्यात नेली तरी पीक घटणार नाही. शुल्ट्झ यांनी दाखला दिला आपल्याच देशाचा. १९१८-१९ च्या मानमोडीच्या साथीने शेतावरचे हात गेले. साथीआधीचे १९१६-१७ आणि नंतरचे १९१९-२० साल ताडले, तर पेरा घटलेला. मग हात फाजील कसे? अमर्त्य सेन यांनी या हिशेबावर हरकत घेतली. आणि १९७९ चे नोबेल शुल्ट्झ व लुईस दोघांना मिळून मिळाले!

मग गरिबी कशाने? शुल्ट्झ म्हणतात, परवडणारी नवी साधने पोचत नाहीत आणि सरकारे शेतमालाचे भाव पाडतात.

तेव्हा उपदेश करायला कोणी आले, तर आधी त्यांना कपाशीचा एकरी खर्च मांडायला सांगा.