हुजूरपागेच्या मुली आणि आपल्या मुली
(भूम येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नावाजलेली शाळा आणि तिच्या नावाजलेल्या विद्यार्थिनी, असा विषय मला दिला आहे. मी एकाच शाळेबद्दल बोलते. पुण्याची हुजूरपागा. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. जिथं पेशव्यांचे घोडे बांधले जात, तिथं पुढं मुलींची शाळा भरू लागली, म्हणून हे नाव. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी १८८४ साली ती काढली.

लगेच ओरड झाली. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'तून टीका आली. मुली अकरा ते पाच घराबाहेर राहणार, इंग्रजी शिकणार, मग घरकामाचं काय? दिवसाला तीनेक तास शाळा पुरे, आणि शिकवायचंच तर शिवणकाम, धर्म असं काही शिकवा. आजही कुणाच्या ओसरीवर बसलात तर हे बोलणं ऐकू येईल. फक्त इंग्रजीच्या जागी मोबाइल आला आहे.

शाळेनं वेळ काही कमी केली नाही, आणि तिथून बायका घडल्या. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या. सातव्या वर्षी त्यांना हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथं शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरानं इरावतींना आपली मुलगी मानलं. पुढं त्या बर्लिनला जाऊन डॉक्टर झाल्या, मानववंशशास्त्रात नाव कमावलं. 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शकुंतलाबाईंनी संततिनियमनाचं काम केलं, तेही ज्या काळात तो शब्द चारचौघांत उच्चारत नसत तेव्हा. शांता शेळके इंदापूरच्या. वडील लवकर गेले, पुण्याला काकांकडे राहून त्या हुजूरपागेत शिकल्या. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

या बायका हुशार होत्याच. पण मला त्यांच्या हुशारीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकीला वसतिगृह होतं, दुसरीला काकांचं घर होतं. राहायला जागा होती, म्हणून शाळा होती.

आणखी एक. अशा याद्या वाचताना आडनावं बघत जा. हुजूरपागेत सुरुवातीला आलेल्या मुली बहुतेक वरच्या जातींतल्या, शिकलेल्या घरांतल्या. पण त्याच पुण्यात, त्याच्या एकोणतीस वर्षं आधी, १८५५ साली मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. ती जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी. शाळकरी वयात तिनं ब्राह्मणांना उघड प्रश्न विचारले. नामवंतांच्या यादीत मी तिला पहिली घालीन.

आता आपलं बघू. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू. आपल्या आज्यांच्या वाट्याला पाटी आली नाही यात नवल नाही. पण आज? गावात सातवीपर्यंत शाळा, पुढं भूमला यायचं. एस.टी.चा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली तर? एवढ्या एका प्रश्नावर मुलीची शाळा सुटते. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, ते चार-पाच महिन्यांनी येतात. वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग तिला फडावर न्यायची, नाहीतर अठराच्या आत उजवून मोकळं व्हायचं. आईबापांना नुसती नावं ठेवून हे थांबणार नाही. त्यांचं भय खोटं नाही.

म्हणून मागणी वसतिगृहाची करा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आपल्या गावात ते कधी उघडतं, मुली तिथं रात्री राहू शकतात का, बाई नेमली आहे का, संडासाला कडी आहे का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि दसऱ्याच्या आधी विचारा. टोळ्या गेल्यावर विचारून उपयोग नाही. आठवी ते दहावीच्या हजेरीपटात मुलींची जी नावं दिवाळीनंतर गायब होतात, ती प्रत्येक गटानं लिहून आणा. पुढच्या बैठकीत ती यादी घेऊन आपण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.