गोष्ट कुणाची, भाषा कुणाची?

भाषाशिक्षणाचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा माध्यमापाशी येऊन थांबते. मराठी की इंग्रजी, एवढाच वाद रंगतो. परंतु मराठी माध्यमाच्या शाळेतही अनेक मुले पहिल्याच दिवसापासून मुकी होऊन बसतात, याचा विचार क्वचितच होतो. घरी, अंगणात, गुरांमागे अखंड बोलणारे मूल वर्गात आले की त्याला शब्द सापडत नाही. मूल मंद आहे, घरी संस्कार नाहीत, ही उत्तरे फार सोयीची आहेत. कारण त्यांत शाळेवर कसलीच जबाबदारी येत नाही.

या प्रश्नाचा चिकाटीने शोध घेतला तो शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकन विदुषीने. कॅरोलिना राज्यांच्या पीडमाँट भागात १९६९ ते १९७८ या काळात त्यांनी कापडगिरणी-कामगारांच्या दोन वस्त्यांचा अभ्यास केला. एक वस्ती गोऱ्या कामगारांची, दुसरी काळ्या कामगारांची. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच तेथील गिरण्यांची दारे काळ्या कामगारांना खऱ्या अर्थाने उघडली होती. रोडव्हिल आणि ट्रॅकटन अशी टोपणनावे देऊन हीथ यांनी या वस्त्यांचे जीवन १९८३ साली ‘वेज विथ वर्ड्स’ या ग्रंथात मांडले.

दोन्ही वस्त्यांत गोष्टी भरपूर होत्या. परंतु गोष्ट म्हणजे काय, याची कल्पना मात्र वेगळी होती. रोडव्हिलमध्ये गोष्ट खरी घडलेली असावी, वडीलधाऱ्यांनी सांग म्हटल्यावर सांगावी आणि तिच्यातून बोध निघावा, असा दंडक होता. तेथे कल्पित गोष्ट सांगणे म्हणजे खोटे बोलणे. ट्रॅकटनमध्ये याच्या उलट. तेथे मुलाने मोठ्यांच्या बोलण्यात शिरून आपली जागा मिळवावी, घडलेल्या प्रसंगाला रंग चढवावा आणि ऐकणाऱ्यांना जिंकून घ्यावे. शाळेत आल्यावर दोघांचीही कोंडी झाली. मनाने गोष्ट रच म्हटले की रोडव्हिलचे मूल अडखळे. धड्यातील माहिती जशीच्या तशी सांग म्हटले की ट्रॅकटनचे मूल अपयशी ठरे. गावातील मध्यमवर्गीय मुलांना दोन्ही रीती घरूनच मिळालेल्या होत्या, म्हणून ती हुशार ठरली. शाळेने ज्याला बुद्धिमत्ता मानले, ती पुष्कळ अंशी एका वर्गाची घरगुती रीत होती.

हीथ केवळ निदान करून थांबल्या नाहीत. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांनी मुलांना आपल्याच परिसराचे संशोधक बनविले. मुलांनी शेतकऱ्यांना भेटून पीकपाण्याची माहिती गोळा केली, त्यांच्या बोलीतील कथन आणि विज्ञानाच्या पुस्तकातील विधान शेजारी ठेवून तपासले. घरच्या ज्ञानाला प्रतिष्ठा मिळाली आणि शाळेची भाषाही हाती आली. तथापि हा प्रयोग टिकला नाही. पुढे वरून आलेल्या चाचण्यांच्या आणि ठरीव कार्यक्रमांच्या रेट्याखाली त्या पद्धती जवळजवळ लोपल्या, अशी नोंद हीथ यांनीच ग्रंथाच्या अखेरीस केली आहे. शिक्षकाचे स्वातंत्र्य हिरावले गेले की मुलाचा आवाजही हिरावला जातो, हा त्यातील धडा आहे.

भारतात हा विचार नवा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी कथा हा शिक्षणाचा पाया मानला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक गोंधळ घालणाऱ्या वर्गाला छडीने नव्हे, गोष्टीने जिंकतो आणि त्याच वाटेने मुलांना वाचनाकडे नेतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात जाईल. ते गुरे राखते, तर शाळा कुरणात भरेल, ही त्यांची भूमिका होती. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यातून अर्थपूर्ण झाले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बोलीचे कौतुक करून मुलाला बोलीतच ठेवणे हा न्याय नव्हे. अर्ज, कायदा, वृत्तपत्र आणि विद्यापीठ यांची भाषा प्रमाण मराठी आहे. तिच्यावर आदिवासी, भटक्या आणि दलित मुलांचाही तितकाच हक्क आहे. प्रश्न तिथे पोचण्याच्या वाटेचा आहे. स्वतःची गोष्ट टाकून दिल्याखेरीज दार उघडणार नाही, अशी अट घालणारी शाळा मुलाला भाषा देत नाही, न्यूनगंड देते. शिवाय केवळ बोध पाजण्यासाठी सांगितलेली गोष्टही मुक्त करीत नाही. मूल श्रोता राहते तोवर भाषा शिक्षकाचीच असते. ते सांगू लागते तेव्हा ती त्याची होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला वर्गात जागा दिली, पण बोलण्याची संधी कायद्याने आपोआप मिळत नाही. ऊसतोड कामगारांच्या तळावर, वीटभट्टीवर, पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्त्याने मुलांना आधी ऐकावे. त्यांची गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी, त्यांना ती वाचून दाखवावी, मग तीच त्यांच्याकडून प्रमाण मराठीत लिहवून घ्यावी. याला निधी लागत नाही. वही, पेन्सिल आणि धीर लागतो. ज्याला आपली गोष्ट सांगता आली, त्याला उद्या आपली मागणीही मांडता येईल.